घरच्या मुलीला काय विचारायचं

पोरासोबत आलेल्या आईला खोलीबाहेर काढणं हे काम त्या दवाखान्यात एकाच बाईला जमायचं. दुसऱ्या कुणी सांगितलं की आया रुसायच्या, बाप हमरीतुमरीवर यायचे. एक आजी तर एकदा दारातच फतकल मारून बसली होती. ताईंनी सांगितलं की मात्र सगळे मुकाट उठायचे. "आई, तुम्ही जरा बाहेर बसा हं, तुमच्या लेकाचं माझ्याकडे थोडं काम आहे," एवढंच त्या म्हणायच्या. हाताखालच्या नर्सनी त्यांचं नाव 'बाहेर-बसा-ताई' पाडलं होतं. ताईंना ते माहीत होतं आणि मनातून आवडायचंही.

दवाखाना चांगला चार मजली. तळमजल्यावर, रक्त तपासायच्या खिडकीला लागून, वयात येणाऱ्या मुलामुलींचा विभाग होता आणि त्यात कोपऱ्यातली खोली ताईंची. वजनकाटा, उंची मोजायची पट्टी, दोन खुर्च्या, आणि एक खिडकी. तिच्यातून समोरच्या इमारतीची पाइपं सोडून काहीच दिसायचं नाही. विभागाचा नियम असा, की बारा वर्षांपुढचं कुठलंही पोर कशासाठीही येवो, तापासाठी, मुरगळलेल्या पायासाठी नाहीतर तोंडावरच्या पुटकुळ्यांसाठी, त्याला एकट्याला बसवून विचारायचं. सिगारेट ओढतोस का, दारू घेतोस का, गोळ्या, हुंगायचं काही, आणखी काही. कुणालाही वगळायचं नाही, कारण तोंड बघून काहीच कळत नाही. हा नियम मोठ्या डॉक्टरांनी कुठल्याशा परिषदेहून आल्यावर काढला. काढला त्यांनी, पण चालवला ताईंनी. नाहीतर नियम काय, भिंतीवर लावायलाही बरे दिसतात.

विचारायची त्यांची रीत ठरलेली होती. आधी रक्तदाब बघायचा आणि तो बघून झाला तरी दंडावरचा पट्टा सोडायचा नाही. नजर काट्यावर ठेवायची. समोरचा आपल्या तोंडाकडे बघत नाहीये म्हटल्यावर पोरं मोकळी होतात, हे त्यांना अनुभवाने कळलं होतं. मग सहज विचारल्यासारखं, "तुमच्या वर्गात सध्या काय चालतं रे?" वर्गातल्या इतरांची लफडी सांगायला पोरं एका पायावर तयार. ती सांगून झाली की हळूच, "आणि तू?" मग गप्प बसायचं. खरं कसब ते. नव्या नर्सना ते गप्प बसणंच जमायचं नाही, त्या घाबरून स्वतःच म्हणायच्या, "काही नाही ना? बरं, बरं," आणि पोर सुटायचं. ताई मात्र बसून राहायच्या. फारच कुणी घुटमळलं तर म्हणायच्या, "ताकाला आलास आणि भांडं का लपवतोस? इथलं इथेच राहतं. तुझ्या आईने माझे पाय धरले तरी सांगायची नाही मी. जिवावरच बेतलं तर सांगेन, आणि तेही आधी तुला विचारून." हे ऐकून कित्येक पोरं रडायला लागत. ताईंच्या ड्रॉवरमध्ये गोळ्या-इंजेक्शनांपेक्षा कागदी रुमालच जास्त असायचे.

त्यांचा हात लागून किती पोरं मार्गाला लागली हे कुणी मोजलं नाही, पण लागली. बाजारात एखादा दाढी फुटलेला बाप्या त्यांना पाहून ओशाळं हसायचा आणि पिशवी उचलून द्यायला पुढे यायचा. ओळख मात्र दोघंही दाखवत नसत.

घरी नवरा, थोरला आणि धाकटी. नवरा लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर. थोरला शिकून दुसऱ्या शहरात नोकरीला लागला होता. धाकटी सतरा वर्षांची, घरात उशिरा आलेली, म्हणून जरा लाडाची. रात्रीच्या जेवणाला ताई दिवसभराचं सांगायच्या. नाव-गाव कधीच नाही. तेवढ्या बाबतीत त्या पक्क्या होत्या. पण "आज एक पोरगी आली होती बघ," अशी सुरुवात व्हायची आणि नवऱ्याचा घास हातातच राहायचा. "तुझ्या खोलीपेक्षा माझी लिफ्ट बरी," तो म्हणायचा. "अडकली तर निदान घंटा तरी वाजवते." सांगून झालं की ताईंचा शेवट ठरलेला. "पोरांचं सोड गं, पोरं सुधारतात. पण त्या आयांची तोंडं बघवत नाहीत. लेकरू हातातून चाललंय आणि बिचारीला पत्ताच नाही." मग धाकटीच्या डोक्यावरून हात फिरवून, "आमच्या हिचं मात्र बरं आहे. ही चपला कशा काढते त्यावरून मला कळतं हिचं काय बिनसलंय ते."

आता पुढचं ताईंना फार उशिरा कळलं, पण वाचणाऱ्याला आत्ताच सांगून टाकलेलं बरं. धाकटी गोळ्या घेत होती. परीक्षांच्या दिवसांत तिची झोप उडाली, छातीत सारखी धडधड व्हायची. मैत्रिणीच्या घरी अंथरुणाला खिळलेले आजोबा होते. त्यांच्या डब्यातली दुखणं मारायची एक गोळी मैत्रिणीने तिला दिली. धडधड थांबली. आयुष्यात पहिल्यांदा आपण कुणाच्या पासंगाला पुरतो की नाही याची चिंता वाटेनाशी झाली, असं ती पुढे म्हणाली. एकीच्या दोन झाल्या. आजोबांचा डबा आटला तेव्हा मैत्रिणीने दुसरी वाट दाखवली. मग असे दिवस आले की गोळी घेतली नाही तर हात थरथरायचे, अंगाचा घाम निथळायचा, आणि ती अंघोळीच्या पाण्याचा आवाज मोठा करून आत बसून राहायची. चपला ती नेहमीसारख्याच काढत होती.

आणि ती घाबरली होती. सोडायचं म्हणून तिने दोनदा दात-ओठ खाऊन प्रयत्न केला, दोन्ही वेळा हरली. आईला सांगावं असं रोज ठरवायची. पण जेवणाच्या ताटावर ऐकलेलं तिच्या मनातून जाईना. आई ज्या बायांची कीव करते, त्यांच्यातलीच एक आपण आईला करून टाकणार. हे काही तिच्याने होईना. मग तिला जे सुचलं ते त्याच घरात वाढलेल्या पोरीला सुचावं असंच होतं. आईच्या विभागात सगळ्यांना विचारतात. आईला बाहेर बसवतात. विचारणारी दुसरी कुणीतरी असेल, आणि सांगितलेलं तिथेच राहील. आपण नुसतं आजारी पडायचं. आपण होऊन काही सांगायला जायला नको. त्यांच्याकडून प्रश्न आला की आपण 'हो' म्हणायचं.

एवढं सगळं तिने बरोबर ओळखलं होतं. एकच गोष्ट तिच्या लक्षात आली नाही. त्या दवाखान्यात 'घरचा पेशंट' म्हणून एक प्रकार होता.

घरचा पेशंट म्हणजे नोकरीवरच्या माणसाचं मूल, भाऊ, सासू, कुणीही. त्याला रांग नाही, केसपेपर नाही. तो मागच्या दाराने आत यायचा, डॉक्टर त्याला जिन्यात उभ्या-उभ्या बघायचे, औषधं खिडकीतून हातात मिळायची आणि वर चहा. पगार तुटपुंजा आणि कामाने पिचलेली माणसं ती. एकमेकांसाठी तेवढं करायची. त्यात वाईट काय? कुठेच लिहिलेलं नव्हतं, पण जो तो पाळायचा. आणि जिथे केसपेपरच नाही तिथे प्रश्न कुठले? शिवाय ज्याच्याबरोबर रोज डबा खायचा त्याच्या पोराला 'गोळ्या घेतोस का' म्हणून विचारायचं म्हणजे त्याच्या तोंडात मारल्यासारखंच. औषधाच्या खिडकीवरच्या माणसाचा मुलगा मागे खोकला घेऊन आला होता, तेव्हा त्याला ताईंनीही कुठे विचारलं? बापाला खुर्ची दिली, पोराला गोळी दिली, आणि कॉलेज कसं चाललंय म्हणून पाठ थोपटली.

धाकटीने पहिल्यांदा डोकेदुखी आणली. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तिला आपल्या खोलीत नेऊन नंबर तपासला, कौतुकाने आईचं नाक आलंय म्हणाल्या, आणि सोडून दिलं. पुढच्या वेळी चक्कर. मोठे डॉक्टर जिन्यातच भेटले. त्यांनी तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली. "रक्त कमी आहे. ताई, लोकांची पोरं पुरे झाली, हिला दोन घास नीट खायला घाला." ताई हसल्या. दोन्ही वेळा त्या शेजारी उभ्या होत्या, लेकीचा हात हातात घेऊन.

तिसऱ्या वेळी पोट. सकाळच्या गर्दीची वेळ, बाकांवर बसायला जागा नाही, लहान मुलांची रडारड. आईला काही न कळवता धाकटी एकटीच आली आणि चारचौघांसारखी केसपेपरच्या रांगेत उभी राहिली. तिचा नंबर जवळ आलाच होता. तेवढ्यात फरशी पुसणाऱ्या मावशींनी तिला पाहिलं.

"अगं बाई! तू काय रांगेत उभी? ताईंची लेक ना तू?"

"राहू दे ना मावशी. थांबते मी."

"थांबतेस कशाला? परकी आहेस का? चल!"

मावशींनी फडकं खांद्यावर टाकलं, तिचा दंड धरला आणि मागच्या दाराने तिला थेट आईच्या खोलीत आणून सोडलं. इतक्या मायेने आणलं की ओरडायचीही सोय नाही.

त्या दिवशी खोलीत ताईंच्या हाताखाली एक नवी नर्स होती. विभागात सगळ्यांत लहान, म्हणून सगळे तिला शेंडेफळ म्हणायचे. शिकवलेलं सगळं अक्षरशः पाळणारी पोर. चहा प्यायलासुद्धा विचारून जायची. तिने धाकटीला खुर्चीत बसवलं, दंडाला पट्टा बांधला, रक्तदाब बघितला आणि शिकवल्याप्रमाणे पट्टा तसाच ठेवला. मग म्हणाली, "ताई, तुम्ही जरा बाहेर बसता का?"

ताई लेकीच्या केसांतून हात फिरवत होत्या. त्या क्षणभर बघतच राहिल्या आणि खळखळून हसल्या. "अगं मलाच? गुरूची विद्या गुरूलाच का?"

शेंडेफळ कानापर्यंत लाल झाली. "तुम्हीच म्हणाला होतात, कुणालाही वगळायचं नाही."

"ते लोकांच्या पोरांना गं. ही घरची आहे."

एवढ्यात मोठे डॉक्टर आत आले, आणि काय चाललंय ते ऐकून त्यांनाही हसू फुटलं. "हिला काय विचारायचं? हिच्या घरातच पेपर निघतो, उत्तरं पाठ असतील हिची!" दारात फडकं घेऊन उभ्या असलेल्या मावशीही हसल्या. धाकटी हसली आणि म्हणाली, "विचारू दे ना, आई. मलाही विचारू दे."

दुसऱ्या कुणाच्या मुलीने हे म्हटलं असतं तर ताईंनी त्याच क्षणी सगळ्यांना खोलीबाहेर घालवलं असतं. पोरांच्या आवाजातला केसाएवढा फरक त्यांना कळायचा, त्यावर तर त्यांचं सगळं नाव उभं होतं. पण त्या स्वतःच हसत होत्या, आणि हसणाऱ्याला ऐकू कमी येतं.

"बरं, मीच विचारते." ताईंनी कमरेवर हात ठेवले, चेहरा कडक केला. "सांगा बाईसाहेब, दारू पिता का?"

"रोज. बादलीभर."

सगळे हसले.

"सिगारेट?"

"दोन-दोन, एकदम."

"आणि गोळ्या?"

इथे धाकटी थांबली. तिने आईकडे बघितलं, सरळ, डोळ्यांत डोळे घालून. शेंडेफळचा हात अजून पट्ट्याच्या फुग्यावर होता.

"घेते की," धाकटी म्हणाली.

"गोळ्या कसल्या," मोठे डॉक्टर म्हणाले, "ही आईची बोलणी खाते! म्हणून तर पोट दुखतंय!" आणि खोलीत असा हशा पिकला की बाहेर बाकावरच्या बायकांनी माना वळवून बघितलं. ताईंच्या डोळ्यांत हसून हसून पाणी आलं. पट्टा काढला, पित्ताचं औषध दिलं, मावशींनी चहा आणला. धाकटीने चहा सगळा प्यायला, कप खाली ठेवला आणि ती घरी गेली. त्यानंतर ती पुन्हा आजारी पडली नाही.

काही महिने गेले. एका दुपारी ताई एका मुलाचं वजन घेत असताना मावशी धावत आल्या. त्यांनी नुसता पुढच्या दाराकडे हात केला. कॉलेजच्या स्वच्छतागृहातून आणलेली एक मुलगी अपघात विभागात होती. ओठ निळे पडलेले, श्वास मोजावा इतका कमी. तिथला डॉक्टर तरुण होता, एरवी रात्रपाळ्यांवर असायचा, ताईंना ओळखत नव्हता. काम न थांबवता त्याने विचारलं, "आई ना तुम्ही? हिने काय घेतलंय? किती दिवसांपासून घेते?"

"नाही हो," ताई म्हणाल्या, "माझी मुलगी तसलं काही घेत नाही."

वर्षानुवर्षं त्यांनी हे वाक्य दुसऱ्या बायांच्या तोंडून ऐकलं होतं, शब्दन् शब्द हेच. त्या डॉक्टरनेही ऐकलं असावं, कारण त्याने दुसऱ्यांदा विचारलं नाही. त्याने उतारा दिला, मग पुन्हा दिला, आणि धाकटीचा श्वास परत आला. ताई भिंतीला टेकून होत्या. कुणीतरी त्यांना खुर्ची दिली, कुणीतरी पाणी. त्या नर्स होत्या हे सगळे विसरले होते आणि त्याही विसरल्या होत्या.

अतिदक्षता विभागाच्या बाहेर बसल्या असताना केव्हातरी त्यांना ते 'घेते की' आठवलं. आठवलं म्हणजे कानात स्पष्ट ऐकू आलं, त्या आवाजासकट, त्याच्या आधीच्या थांबण्यासकट. त्या उठून उभ्या राहिल्या. नवऱ्याने विचारलं काय झालं. त्यांच्या तोंडातून नुसतं "हसले रे मी, हसले" एवढंच येत होतं. त्याला वाटलं बायकोचं डोकं फिरलं.

शेंडेफळ भेटायला आली ती डोळे सुजवूनच. "ताई, त्या दिवशी मी हट्ट धरायला हवा होता."

"माझ्यापुढे कुणाचा हट्ट चालला असता?" ताई म्हणाल्या. पोरीला जवळ घ्यावं, तिचा काही दोष नाही म्हणून सांगावं, हे सगळं त्यांना कळत होतं. पण तिचं तोंड त्यांना डोळ्यांसमोर नको झालं होतं. त्या भिंतीकडे बघत बसल्या, आणि शेंडेफळ आल्या पावली परत गेली.

धाकटी वाचली. लोक येऊन म्हणाले, देवाची कृपा, थोडक्यात निभावलं. व्यसन सोडवायच्या केंद्रात काही आठवडे राहून ती घरी आली, गोरीमोरी, केस कापलेली, फार शहाण्यासारखी वागणारी. ताट उचलायची, कपडे घड्या करायची, विचारलं तेवढ्याचं उत्तर द्यायची. समुपदेशक बाईंकडे नेमाने जायची. त्या बाई म्हणाल्या, मुलगी फार समजूतदार आहे, सगळं कबूल करते. ताईंना त्या बाईंची कीव आली. लहानपणापासून आईच्या तोंडून ऐकून ऐकून, असल्या खोलीत बसून काय बोललं की समोरच्याला बरं वाटतं, ते धाकटीइतकं कुणाला माहीत असणार?

एका रविवारी नवऱ्याने कुणाला न विचारता पेचकस घेतला आणि न्हाणीघराच्या दाराची आतली कडी काढून टाकली. स्क्रू कागदात गुंडाळून कपाटावर ठेवले. लिफ्टवरचे विनोद त्याने केव्हाच बंद केले होते.

दवाखान्यातही काही घडलं. मोठ्या डॉक्टरांनी सही करून कागद लावला, की कर्मचाऱ्यांच्या मुलांनाही केसपेपर काढावा लागेल आणि त्यांनाही एकट्याने विचारलं जाईल, अपवाद नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. आणि त्या दिवसापासून कर्मचाऱ्यांची पोरं आजारीच पडेनाशी झाली. औषधाच्या खिडकीवरचा माणूस आपल्या मुलाला चौकापलीकडच्या खाजगी डॉक्टरकडे नेतो, असं मावशी म्हणाल्या. ताईंनी ऐकून घेतलं. आता त्या कुणाला काय बोलणार होत्या?

कामावर त्या परत रुजू झाल्या, कारण घरी बसून करायचं काय. पहिल्याच आठवड्यात एक मुलगा आला, क्रिकेट खेळताना बोट मोडलेला. आईला बाहेर बसवलं, पट्टा बांधला, वर्गात काय चालतं विचारलं, आणि तू, म्हणून विचारलं. "हो," तो म्हणाला. "मी पण घेतो." एरवी ताईंचं मन अशा वेळी भरून यायचं. त्या दिवशी त्यांना राग आला, आणि राग कसला हे कळायलाही वेळ लागला. दाराबाहेर बसलेल्या त्या मुलाच्या आईचा त्यांना हेवा वाटत होता. त्या बाईने काय केलं होतं? नुसती उठून बाहेर गेली होती. त्यांनी मुलाला पुढच्या डॉक्टरांकडे पाठवलं, सगळं रीतसर केलं, आणि आतल्या बेसिनचा नळ सोडून बराच वेळ उभ्या राहिल्या.

मग एका संध्याकाळी त्यांना दिसलं. धाकटी खिडकीपाशी पाठमोरी बसून केस विंचरत होती. त्यांनी हाक मारली, तिने वळून बघितलं. त्या अंधुक उजेडातही तिच्या डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होत्या. ती पुन्हा गोळ्या घेत होती, हे ताईंना कुणी सांगावं लागणार नव्हतं. नवरा खाली दुकानात गेला होता. घरात दोघीच.

ताई तिच्यासमोर जमिनीवर बसल्या. इतके आठवडे त्या शब्द जुळवत होत्या, पण बोलायला लागल्या तेव्हा त्यातला एकही आठवला नाही.

"तू सांगितलं होतंस," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी खोलीत. मी विचारलं आणि तू खरं सांगितलंस, आणि मी हसले. रोज आठवतं गं मला ते. रोज. तू माझ्याकडे आली होतीस आणि मी तुला चहा पाजून परत पाठवलं."

धाकटीने फणीतले केस काढून बोटाला गुंडाळले. "हो," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर ताईंना धरायला काहीतरी मिळालं असतं.

"आता पुन्हा सांग. मला नको सांगूस हवं तर, शेंडेफळला सांग, मी येत नाही तिथे. हवं तर गावाबाहेरच्या डॉक्टरकडे जाऊ. यातून बाहेर कसं काढायचं ते मला माहीत आहे गं. लोकांच्या पोरांना काढलंय मी. तू फक्त म्हण, आई, मला सोडायचंय. पुढचं सगळं मी बघते. नोकरी सोडते. म्हण ना एकदा."

धाकटीने आईच्या गालावरचं पाणी आपल्या तळहाताने पुसलं. हात कोमट होता आणि जराही थरथरत नव्हता.

"तेव्हा सोडायचं होतं, आई," ती म्हणाली. "आता नाही."